निखारा, कोळंबी आणि गोड पाक
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कोळंबी आणि सॉसेज एका सळईत ओवून, वरून गोड पाक लावून निखाऱ्यावर भाजण्याची हौस आता आपल्याकडेही दिसते. प्रकार सोपा वाटतो. परंतु त्यात खाणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. सोललेली कोळंबी चार-पाच मिनिटांत भाजून होते. सॉसेजला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. गोव्याचे चोरिसच घ्या. मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांत मुरवून वाळवलेले असले, तरी ते डुकराचे मांस कच्चेच असते. म्हणून चोरिस आधी थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवून घ्यावे. आतला भाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. त्यामुळे चरबीही सुटते आणि निखाऱ्यावर ठिबकून भडका उडत नाही. मग कोळंबीबरोबर ओवावे. कोळंबी अर्धचंद्रासारखी वळली आणि तिचा काचेसारखेपणा गेला, की लगेच उतरवावी. नाही तर ती रबरासारखी होते.

दुसरी गोष्ट पाकाची. माडाचा गूळ, व्हिनेगर, लसूण व मिरची एकत्र आटवावी. हा पाक आरंभीच लावला, तर गूळ करपतो. वरून काळे दिसते, आत कच्चे राहते आणि आपली फसगत होते. शेवटच्या दोन मिनिटांतच पाकाचा हात द्यावा. वाढण्याचा पाक आधीच निराळा काढावा. कच्च्या कोळंबीला लागलेला ब्रश त्यात बुडवू नये. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवाव्यात.

तिसरी गोष्ट पंक्तीची. आपल्यांतील कित्येकजणी डुकराचे मांस खात नाहीत. त्यांची जाळी, चिमटा, पाकाची वाटी वेगळी असावी. कोळंबी कोणाच्या अंगावर उठते का, हेही आधी विचारावे.

चौथी सर्वांत महत्त्वाची. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात घेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. अशा वेळी सरळ गॅसवर तव्यात भाजावे. चव थोडी उणी होईल, इतकेच.

पाहुण्याने आपल्या विश्वासावर ताटात हात घातलेला असतो. तो विश्वास राखणे हेच सुगरणपण.