सळई, तुकडा आणि शिल्लक

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, धम्माच्या व्यासपीठावर लोखंडाचे काय काम? परंतु आपल्या वस्तीतून रोज सकाळी बांधकामावर जाणारी माणसे मोजा. सेंटरिंगवर, सळई कापायला, रिंगा वळवायला, भराव टाकायला आपली माणसे आहेत. आता त्याच साइटच्या स्टोअरमध्ये, संगणकापुढे बसलेली आपली माणसे मोजा. हिशेब तुमच्याच लक्षात येईल. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी विज्ञानाच्या व तंत्रशिक्षणाच्या सोयी मागितल्या होत्या. सळईपासून त्या संगणकापर्यंतचे अंतर दहा पावलांचे आहे, पण मधे शब्दांची भिंत आहे. मी आज त्या शब्दांविषयीच बोलणार आहे.

प्रथम माप घेऊ. आपले जुने कारागीर सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडे कमी. तीन सूत म्हणजे १० मिलिमीटरची सळई, चार सूत म्हणजे १२ ची, पाच सूत १६ ची, सहा सूत २० ची, आठ सूत २५ ची. तोंडी व्यवहाराला हे पुरते, कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघेही समजून घेतात. संगणक समजून घेत नाही. चार सुताचे खरे माप १२.७ मिलिमीटर भरते. ते कोणी तसेच व्यासाच्या रकान्यात भरले, तर वजन बारा टक्क्यांनी जास्त निघेल. म्हणून सूत मनात ठेवावे, भरताना १२ लिहावे.

वजनाचे सूत्र पाठच करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एक मीटर सळईचे वजन किलोत. ८ मिलिमीटरला ०.३९५, १६ ला १.५८. सळई साधारणतः १२ मीटरची येते. ट्रकसाठी घडी घालून आणली तरी लांबी तीच. म्हणजे ८ ची एक सळई ४.७४ किलो आणि १६ ची जवळजवळ १९ किलो.

या मालाची एक गंमत आहे. तो विकत घेतला जातो टनावर, नकाशात दाखवला जातो मिलिमीटरात, कापला जातो मीटरवर आणि कारागिराला दिला जातो नगावर. एकाच लोखंडाची चार मापे! सॉफ्टवेअरचे निम्मे काम या चारांचा मेळ घालण्याचे असते, आणि निम्मी भांडणेही तिथेच लागतात.

सर्वांत मोठे भांडण कोणते, ते नीट ऐका. समजा ८ मिलिमीटरचा १० टन माल आला. वजनकाट्याची पावती १० टनांची. संगणकाने कोष्टकाच्या वजनाने भागाकार केला आणि २,११० नग शिल्लक दाखवले. चार दिवसांनी कोणी थप्पी मोजली, ती भरली २,०१०. शंभर सळया गेल्या कुठे? पहिला संशय स्टोअरवरच्या पोरावर. तो पोरगा आपल्या वस्तीतला असेल तर संशयाला वेळही लागत नाही, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

वास्तविक एकही सळई गेलेली नसते. गिरणीतून सळई नेमक्या कोष्टकाच्या वजनाची निघत नाही. आपल्याकडचे सळईचे मानक, आय. एस. १७८६, यात १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईला मीटर-वजनात सात टक्के कमी-अधिक चालते. १० च्या वर १६ पर्यंत पाच टक्के, त्यापुढे तीन टक्के. वरच्या मालात सळई पाच टक्के जड होती, एवढेच. वजन पुरे आले, नग कमी आले. यालाच बाजारात रोलिंग मार्जिन म्हणतात. माल जड आला तर नग घटतात, हलका आला तर वाढतात. आणि वाढले की कोणी विचारीत नाही!

यावर उपाय साधा आहे. माल उतरतानाच नग मोजावेत. दोन-तीन सळयांचे एकेक मीटरचे तुकडे तोलावेत. सॉफ्टवेअरमध्ये थिअरॉटिकल वेट आणि अॅक्च्युअल वेट असे दोन रकाने असतात. पहिला म्हणजे कोष्टकाचे वजन, दुसरा म्हणजे प्रत्यक्ष वजन. दुसरा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा सोडतात. तो भरा आणि चलनावर उतरवून घेणाऱ्याची सही घ्या. तुमची अब्रू त्या रकान्यात आहे.

आता कापणीकडे येऊ. नकाशावरून जी यादी बनते तिला बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात, साइटवर बी.बी.एस. त्यात कटिंग लेंथ हा शब्द येतो. ही सरळ सळईची लांबी, वळवलेल्या आकाराच्या बाजूंची बेरीज नव्हे. वाक देताना सळई थोडी वाढते, म्हणून ९० अंशाच्या प्रत्येक वाकाला दोन व्यास आणि १३५ अंशाला तीन व्यास वजा करण्याचा ठोकताळा आहे. रिंगा करणाऱ्या मंडळींना हे हाताने ठाऊक असते, सूत्र कोणी विचारले तर मात्र सांगता येत नाही.

एक उदाहरण फळ्यावर मांडतो. १६ मिलिमीटरच्या सळया हव्या आहेत: ५ मीटरचे २० नग आणि साडेतीन मीटरचे २० नग. एकेक माप संपवत गेलो तर ५ मीटरला १० सळया, प्रत्येकीत २ मीटर उरले. साडेतीनला ७ सळया. एकूण १७. आता दोन्ही मापे एकत्र घ्या. पाच, साडेतीन आणि साडेतीन मिळून बरोबर १२! अशा १० सळया कापल्या की साडेतीनचे सगळे नग झाले, आणि पाचचे दहा. उरलेल्या दहा नगांना ५ सळया. एकूण १५. दोन सळया, म्हणजे ३८ किलो लोखंड वाचले. या जुळणीला कटिंग पॅटर्न म्हणतात. असल्या प्रश्नाचे गणित लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी १९३९ साली मांडले, प्लायवूड उद्योगाच्या अडचणीवरून त्यांचा विचार सुरू झाला होता. १९६१ मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी संगणकाला पेलेल अशी रीत दिली. आजचे कापणीचे सॉफ्टवेअर याच वाटेने चालते.

परंतु याच सॉफ्टवेअरमध्ये कर्फ नावाचा एक रकाना असतो. कर्फ म्हणजे पात्याने खाल्लेली जाडी. घासून कापणाऱ्या चाकाने कापले तर प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर भुकटी होते. कात्रीसारख्या शिअर मशिनने कापले तर काहीच जात नाही. कोणी अर्थ न समजता तिथे ३ भरले, की संगणक म्हणणार, पाच, साडेतीन, साडेतीन बसत नाही, सहा मिलिमीटर कमी पडतात. आणि तो निमूटपणे १७ सळयांचे उत्तर देईल. चूक दिसणारही नाही, कारण उत्तर गणिताने बरोबर आहे. मशिनच्या सुट्या भागासाठी गोल बार कापताना हे सहा मिलिमीटर खरेच महत्त्वाचे. स्लॅबच्या सळईत इंजिनिअरला विचारून निभावता येतात. हे विचारायचे असते हे ज्याला कळते तो ३८ किलो वाचवतो.

उरलेल्या तुकड्यालाही दोन नावे आहेत. पुन्हा वापरता येईल तो ऑफकट, येणार नाही ते स्क्रॅप, म्हणजे भंगार. मधली रेषा आपण ठरवायची. सॉफ्टवेअर तिला मिनिमम युजेबल लेंथ म्हणते. ती ३ मीटर ठेवली तर आपले २ मीटरचे पाच तुकडे भंगारात गेले. शून्य ठेवली तर वीतभर तुकड्यांनी शिल्लक यादी भरून जाईल. ऑफकट परत जमा करताना हीट नंबर लिहायला विसरू नये. भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादाचा तो क्रमांक. बंडलाचा टॅग एकाच टोकाला असतो, आणि तुकडा झाला की बेवारशी होतो.

आवक, जावक, शिल्लक हे शब्द तुम्हाला किराणा दुकानापासून माहीत आहेत. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. थप्पीत ४० सळया दिसतात, त्यातल्या ३० दुसऱ्या कामासाठी राखून ठेवल्या आहेत. मग शिल्लक ४०, पण देण्याजोग्या १०. पडद्यावर एक ऑन हँड, दुसरे अव्हेलेबल. मुकादम थप्पी बघून भांडतो, तुम्ही पडदा बघून नाही म्हणता. दोघेही खरे बोलत असता.

कोणी म्हणेल, हे सगळे इंग्रजी शब्द मराठी का करू नयेत? भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते जरूर पाहावेत. पण पुस्तकातले ‘प्रबलित’ साइटवर कोणी बोलत नाही, आर.सी.सी. म्हणतात. माझे मत असे की पडद्यावरचा शब्द आहे तसा ओळखावा आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत समजावून घ्यावा. बुद्धवचने छांदसात घालू देण्यास भगवंतांनी नकार दिला आणि ती आपापल्या बोलीत शिकण्यास अनुज्ञा दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. घरी वडील सळई बांधत असतील तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा. ते त्यांचे शब्द सांगतील, तुम्ही पडद्यावरचे सांगा. दोघांचेही शिक्षण होईल.

जाण्यापूर्वी एक गणित उतरवून घ्या. १२ मीटरच्या सळया. साडेपाच मीटरचे १२ नग आणि ३.२ मीटरचे १२ नग हवेत. एकेक माप संपवले तर १० सळया लागतात. नऊमध्ये बसवून दाखवा. आणि कर्फला ३ मिलिमीटर भरले तरी या वेळी उत्तर का बदलत नाही, तेही लिहा. वह्या पुढच्या रविवारी विहारात आणाव्यात.

जय भीम.