तापीकाठचे शहर, आडहंगामात

इच्छापूर हे गाव पुष्कळांनी पाहिलेले नसते. पण त्याचे नाव मात्र मैलाच्या दगडांवर अनेकदा वाचलेले असते. इंदूरहून निघून नर्मदा ओलांडणारा, खंडव्यावरून आणि अशीरगडाच्या पायथ्यावरून तापीच्या खोऱ्यात उतरणारा जो मोठा रस्ता आहे, त्याला 'इंदूर-इच्छापूर मार्ग' असेच म्हणतात. दोनशे किलोमीटरांच्या या रस्त्याच्या एका टोकाला होळकरांची राजधानी आणि दुसऱ्या टोकाला हे खेडे! याचे कारण एवढेच, की इच्छापूरच्या पुढे मध्य प्रदेश संपतो आणि महाराष्ट्राचा जळगाव जिल्हा सुरू होतो. मोटारवाल्यांना इच्छापूर म्हणजे केवळ सरहद्द. रस्ता आता चौपदरी करण्याचे काम हाती घेतले गेल्यामुळे तर हे गाव काचेआडून दिसेल न दिसेल, एवढाच त्याच्याशी संबंध उरण्याचा संभव आहे.

मोटार नसलेल्या प्रवाशाला ही सवलत नाही. मुक्ताईनगरहून अंतुर्लीच्या बाजूने तो बसने येतो, सरहद्दीवर उतरतो, आणि पुढली गाडी मिळेपर्यंत त्याला थांबावेच लागते. हे थांबणे हाच त्याचा लाभ होय.

इच्छापूरला टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे. गावाचे नाव देवीवरूनच पडले. कोणा मराठा सुभेदाराने पुत्रप्राप्तीसाठी नवस केला, तो फळला, आणि त्याने देऊळ व विहीर बांधली, अशी कथा सांगतात. नवरात्रात येथे यात्रा भरते, तेव्हा खानदेश आणि निमाड या दोन्हीकडची माणसे पायऱ्यांवर दाटी करतात. परंतु श्रावण-भाद्रपदात कोणी आला, तर पायऱ्या जवळजवळ मोकळ्या असतात. वर चढून मागे वळले की एका बाजूला सातपुड्याची हिरवी ओळ आणि दुसऱ्या बाजूला केळीचे मळेच मळे. केळीच्या या मळ्यांना सरहद्द ठाऊक नाही. रावेरची केळ आणि बऱ्हाणपूरची केळ एकाच मातीत वाढते. पायऱ्यांखाली बोलणारी माणसेही एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात निमाडी, तिसऱ्यात हिंदी अशी सहज सरकत असतात, आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटत नाही.

आडहंगामी प्रवासाचे वेड युरोपात फार. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर 'चिंक्वे तेर्रे' म्हणून पाच लहान गावे आहेत. ती कड्यांना इतकी बिलगून बसली आहेत की तेथे मोटार म्हणजे अडगळच. जाणते लोक हिवाळ्यात, हॉटेलांची निम्मी दारे बंद असताना, आगगाडीने एका गावातून दुसऱ्या गावात जातात आणि उरलेले पायी पाहतात. खानदेश-निमाडला समुद्र नाही. पण मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी आहे, आणि इच्छापूरपासून वीस-बावीस किलोमीटरांवर तिच्या उत्तर काठी एक असे शहर आहे, ज्याचे नशीब शतकानुशतके सुरतेच्या बंदराशी बांधलेले होते. ते बऱ्हाणपूर.

इच्छापूरहून शहापूरमार्गे बऱ्हाणपूरला जाणाऱ्या गाड्या बहुतेक खाजगी. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ या शतकाच्या पहिल्याच दशकात गुंडाळले गेले. तेव्हापासून गाडी भरली की सुटते, हेच वेळापत्रक. नवख्याने घड्याळ खिशात ठेवलेले बरे. घाई असेल त्याने भुसावळहून आगगाडी धरावी. सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा करीत ती बऱ्हाणपूरला येते. मात्र स्टेशन शहरात नसून बाहेर लालबागेत आहे, म्हणून पुष्कळ प्रवासी उतरताच रिक्षा करून शहराकडे धावतात. ही चूक होय. कारण या शहराची सर्वांत मोठी नवलाई स्टेशनच्याच बाजूला, आणि तीही जमिनीखाली आहे.

तिचे नाव कुंडी भंडारा. लोकांच्या तोंडी 'खुनी भंडारा' असेही येते. पण नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही, कारण ही रक्ताची नव्हे, पाण्याची गोष्ट आहे. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान या सुभेदाराच्या वेळी ही योजना उभी राहिली. रहीम म्हणजे दोहे लिहिणारे तेच रहीम. सेनापती, कवी आणि पाणीपुरवठ्याचे आश्रयदाते असा हा विरळा योग. इराणी जलतज्ज्ञाने तिची आखणी केली असे मानले जाते. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीच्या दिशेने आतल्या आत झिरपत जातो. ते झिरपणारे पाणी वाटेतच धरण्यासाठी जमिनीखाली बोगदा खणला, त्याला शहराकडे अगदी हलका उतार दिला, आणि बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी उभी भोके पाडली. याच कुंड्या, त्या शंभराहून अधिक आहेत. त्यांतून खाली हवा जाते, आणि गाळ काढायला माणूसही उतरतो. ना मोट, ना पंप, ना बैल. केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात येई आणि तेथून मातीच्या नळांनी घरोघर, हमामात आणि बागांत जाई. अशा आठ योजना बऱ्हाणपूरला होत्या. नदी दाराशी असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की दख्खनच्या स्वाऱ्यांसाठी येथे मोगलांची प्रचंड छावणी पडे. एवढ्या माणसांना नदीचे उघडे पाणी पुरवणे अवघड. आणि शत्रूने ते नासवले तर सारे सैन्य संकटात.

औरंगाबादची मलिक अंबरची नहर मराठी माणसाला माहीत असते. ती याच सुमाराची आणि याच जातीची. इराणातील अशा नहरींना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. बऱ्हाणपूरच्या भंडाऱ्याचे नाव २०२४ साली भारताच्या संभाव्य यादीत गेले आहे.

हे सारे पाहायला पावसाळा का हवा? जमिनीवर तर रांगेने बसवलेली विटांची कठडेबंद तोंडे, एवढेच दिसते. मोटारीतून पाहणारा दोन मिनिटांत परत फिरतो. पण पावसाच्या एका सरीनंतर कुंड्यांच्या रांगेने जो चालत जाईल, त्याला डोंगराकडून शहराकडे येणारा तो हलका उतार पायांना कळतो. वर सातपुड्यावर ढग, पायांखाली ओली माती आणि कुंडीच्या तोंडाशी कान दिला तर खोल वाहत्या पाण्याची चाहूल. आत उतरण्याचा हट्ट मात्र पावसाळ्यात करू नये.

येथेच एक काळजीची गोष्टही कळते. या आठ योजनांपैकी एकीचे नाव 'सुका भंडारा' असे आहे. नावात जे आहे, ते बाकीच्यांच्याही वाट्याला येऊ शकते. नहर पाणी उपसत नाही. जमिनीतल्या पाण्याची पातळी बोगद्याच्या वर असेल, तेवढेच ती आत घेते. केळीच्या मळ्यांसाठी आणि वाढत्या वस्तीसाठी जो तो नळविहीर खोल नेऊ लागला, की पातळी खाली सरकते आणि चारशे वर्षांचा बोगदा कोरड्या घशाने उभा राहतो. शिवाय कुंड्यांच्या मधल्या जमिनीवर बांधकामे होतात, गाळ साठतो. यादीतल्या नावाने पाणी येत नाही. डोंगरउतारावर पाऊस मुरू देणे आणि उपशाला आवर घालणे, ही या वास्तूची खरी दुरुस्ती. दगडी इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. आटलेला झरा बांधता येत नाही.

लालबागेतून शहराकडे येताना वाटेत ताप्ती मिल लागते. ही कापडगिरणी विसाव्या शतकाच्या आरंभीची. २०२० च्या टाळेबंदीत तिचे चाक थांबले. पण कापड मात्र बऱ्हाणपूरला सोडून गेले नाही. गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो, पावसाच्या आवाजातही. सतराव्या शतकात तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते असे लिहून ठेवले आहे. हा माल बैलगाड्यांतून सुरतेला जाई. पावसाळ्यात त्या गाड्या चिखलात रुतत आणि व्यापार थंडावे. शहराला तेव्हाही आडहंगाम होता. इंग्रज राजदूत सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून येथे आला आणि शहाजादा परवेझला भेटला. राजवाड्याबाहेरची मातीची घरे पाहून त्याचा हिरमोड झाला, आणि वर तापाने तो आजारीही पडला. आजाऱ्याने केलेले गावाचे वर्णन थोडे सवलतीने वाचावे.

जुने शहर पायीच पाहण्याचे आहे. तेथे मोटार लावायला जागा शोधण्यातच निम्मा दिवस जातो. फारुकी सुलतानांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. हे ऐकून जातो तो आधी तोच शोधतो, आणि शोधणाऱ्याला तो दाखवायला कोणी ना कोणी पुढे होतेच. शाही किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. आतल्या हमामाच्या छतावर मात्र रंगीत वेलबुट्टी अजून आहे. लालबागेकडून निघालेले पाणी कोठवर पोहोचत असे, त्याचा पुरावाच तो. किल्ल्याच्या गच्चीवरून खाली तापी दिसते. पावसाळ्यात ती गढूळ, रुंद आणि मोठी गंभीर असते. पात्रात दगडाचा एक हत्ती आहे. युरोपीय प्रवाशांनीही त्याची नोंद केली आहे. पूर आला की तो बुडतो. येथे पाणी चढले की पुढे जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येणार, हे काठावरची मुलेसुद्धा सांगतात.

पलीकडच्या काठावर जैनाबाद. शहाजहानची बेगम मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला प्रथम जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला. ताजमहालाला जग लोटते. आहूखान्यात आडहंगामी प्रवाशाला सोबत मिळते ती बहुधा चरणाऱ्या शेळ्यांची, आणि सहा महिन्यांच्या त्या मुक्कामाचा विचार करायला निवांतपणा मिळतो.

खाण्यापिण्याची चिंता नको. माव्याची जिलेबी आणि दराबा हे येथले दोन गोड पदार्थ. पावसात गरम जिलेबीची कढई उतरताना पाहिली की पाय आपोआप थांबतात. मांडे या शब्दाने खानदेशी माणसाने फसू नये. आपले पुरणाचे खापरावरचे मांडे वेगळे. बऱ्हाणपुरी मांडे म्हणजे हातावर फिरवून ताटाहून मोठी केलेली मैद्याची पातळ रोटी. गर्दीच्या दिवसांत कारागिराला बोलायला सवड नसते. आडहंगामात तो रोटी हवेत फिरवता फिरवता चार गोष्टी सांगतो.

वाहनाविना अवघड अशी एकच जागा आहे, आणि मराठी माणसाने ती चुकवू नये. शहरापासून काही किलोमीटरांवर बोहर्डा गावाजवळ, मोहना आणि तापी यांच्या संगमावर, मिर्झाराजा जयसिंहाची छत्री आहे. १६६५ साली पुरंदरचा तह ज्याने घडवला, ज्याच्या शब्दावर शिवाजीमहाराज आग्र्याला गेले, ज्याच्या तोफखान्यावर व्हेनिसचा मनूची चाकरीला होता, तो हा राजा दख्खनेतून परतताना १६६७ साली बऱ्हाणपुरात वारला. पुढे चौदाच वर्षांत, १६८१ च्या आरंभी, संभाजीमहाराजांच्या फौजांनी याच शहराचे बहादुरपुरा हे श्रीमंत उपनगर लुटले.

छत्रीपर्यंत थेट बस नाही. सहा आसनी रिक्षा फाट्यापर्यंत सोडते, पुढे शेतांच्या कडेने चालावे लागते. चिखल असेल तर वहाणा हातात घ्याव्या लागतात. बत्तीस खांबांची ती दगडी छत्री लांबूनच दिसू लागते. खाली दोन नद्यांचे पाणी, एकीचे लाल आणि दुसरीचे राखी, बराच वेळ मिसळल्याशिवाय शेजारी शेजारी वाहत जाते. परतीची रिक्षा भरायला पाच-सहा माणसे जमावी लागतात. दूधवाला, शाळेची दोन पोरे, माहेराहून निघालेली एखादी बाई, असे एकेक जण येत राहते, आणि तोवर छत्रीच्या खांबांआड पावसापासून आडोसा असतो.