ज्यूद्वेष : शेजारी आणि साक्षीदार
(जयपूर येथे दिलेले व्याख्यान)



ज्यूद्वेष हा विषय जयपुरात बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. या नगरीत ज्यूंची मोठी वस्ती कधी नव्हती. तथापि त्या द्वेषाची सावली आपल्या रोजच्या परिचयातील एका नावाजवळून गेलेली आहे. ज्या मिर्झा इस्माईल यांचे नाव येथील हमरस्ता मिरवतो ते १९४२ ते १९४६ या काळात जयपूरचे दिवाण होते, हे आपण जाणताच. त्याआधी ते म्हैसूरचे दिवाण होते आणि तेथे १९३९ साली त्यांनी ओटो क्योनिग्सबर्गर नावाच्या एका तरुण वास्तुशिल्पज्ञाला संस्थानच्या सेवेत घेतले. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या माणसाला केवळ तो ज्यू होता म्हणून मायदेश सोडावा लागला होता. पुढे स्वतंत्र भारतात भुवनेश्वर आणि फरिदाबाद या नगरांच्या रचनेत त्याचा हात होता.

याच क्योनिग्सबर्गरचे मामा माक्स बोर्न हे त्यापूर्वी, १९३५-३६ च्या हिवाळ्यात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते. ग्योटिंगेन विद्यापीठातील त्यांचे अध्यासन १९३३ मध्ये हिरावून घेतले गेले होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मनात त्यांना बंगळुरास कायमचे ठेवून घ्यावे असे होते. परंतु प्राध्यापकांच्या सभेत एक इंग्रज गृहस्थ उठले आणि स्वदेशातून हाकलून दिलेला हा दुय्यम प्रतीचा परकी मनुष्य आपल्याला नको, अशा आशयाचे बोलले. बोर्न यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नमूद केला आहे. बोर्न यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण मला येथे महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ज्याला अन्यायाने हाकलले त्याचे हाकलले जाणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. ज्यूद्वेषाची ही जुनी खोड आहे.

हा द्वेष आपल्या ओळखीच्या इतर द्वेषांसारखाच आहे काय? मला वाटते, पुरता नाही. आपल्याकडील जातिभेद माणसाला खाली ढकलतो, त्याला हीन लेखतो. ज्यूद्वेष हेही करतो. परंतु त्याच श्वासात तो ज्यूला अवाढव्य सामर्थ्य बहाल करतो. ज्यू गलिच्छ आणि तरीही जगाचा गुप्त सूत्रधार. तोच भांडवलशहा आणि तोच बोल्शेविक! मध्ययुगीन युरोपात ज्यूंना शेतजमीन आणि कारागिरांचे संघ बहुतेक ठिकाणी बंद होते, म्हणून पुष्कळांना सावकारी पत्करावी लागली. मग सावकार म्हणून त्यांचा तिरस्कार झाला. येशूच्या वधाचे पाप पिढ्यान् पिढ्या त्यांच्या माथी मारले गेले. एकोणिसाव्या शतकात धर्माची भाषा मागे पडून वंशाची भाषा आली, आणि १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन लेखकाने या द्वेषाला शास्त्रीय वाटेल असे नवे नाव रूढ केले. ज्यू नेत्यांच्या गुप्त कारस्थानाची म्हणून जी बनावट टिपणे १९०३ साली रशियात छापली गेली, त्यांची लबाडी लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये उघडकीस आणली. तरी त्यांचा खप थांबला नाही. ज्या श्रद्धेला पुरावा लागतच नाही, ती पुराव्याने कशी ढळावी? याची परिणती साठ लाख ज्यूंच्या हत्येत झाली, हे सर्वश्रुत आहे.

आता कोकणाकडे वळू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ इतिहासकारांना निश्चित करता आलेला नाही. पण हे लोक कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत शतकानुशतके राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, हे खरे. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावावरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. सॅम्युएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. हिब्रू भाषा विसरली गेली, तरी शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना टिकली. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली याच समाजातील सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधले.

कोकणात या लोकांचा छळ झाला नाही. का झाला नाही? आपण सारे सहिष्णु म्हणून, हे उत्तर आपल्याला आवडते. पण ते अपुरे आहे. येशूच्या वधाचा आरोप येथे कुणाला ठाऊक नव्हता. ते सावकार नव्हते. आणि जातींच्या उतरंडीत निराळ्या रीतीच्या माणसांसाठी एक निराळी पायरी नेहमीच तयार असे. तेल्याची पायरी मानाची नव्हती, हेही विसरू नये. उतरंडीचा संसर्ग खुद्द या समाजालाही झाला. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होईना. पुढे बगदादहून आलेले धनाढ्य ज्यू मुंबईत स्थिरावले, तेव्हा त्यांनी मराठी बोलणाऱ्या या धर्मबंधूंना कमअस्सल मानले. दफनभूमीतसुद्धा आपला भाग भिंत घालून वेगळा करावा अशी त्यांची मागणी होती. पुण्याचे प्रसिद्ध ‘लाल देऊळ’ बांधवून घेणारे डेव्हिड ससून याच बगदादी मंडळींचे अग्रणी. शेजारी किती प्रेमाने त्या सिनेगॉगला देऊळ म्हणू लागले, पाहा! भिंत मात्र आतल्याच लोकांना हवी होती.

द्वेषाला ज्यूंनी तोंड कसे द्यावे, या प्रश्नावर आपल्या देशातून एक उत्तर दिले गेले होते. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनीत सिनेगॉगे जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली, हजारो पुरुषांना छळछावण्यांत नेले गेले. २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींचा लेख आला. ज्यूंविषयीची त्यांची सहानुभूती निःसंदिग्ध होती. ख्रिस्ती जगातले अस्पृश्य अशी त्यांनी ज्यूंची गणना केली. पण मी जर्मनीत जन्मलेला ज्यू असतो तर तो देश माझाच म्हणून ठामपणे तेथे राहिलो असतो, तुरुंगाला वा गोळीला सामोरा गेलो असतो, पण भेदभावाची वागणूक पत्करली नसती, असा त्या लेखाचा रोख होता.

तत्त्वज्ञ मार्टिन बूबर त्याच वर्षी जर्मनीतून जेरुसलेमला गेले होते. गांधीजींविषयी त्यांना उत्कट आदर होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी या लेखाला दीर्घ पत्राने उत्तर दिले. ते उत्तर मला आजही हलवून सोडते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती आणि छळछावणीतील ज्यूंची स्थिती यांची तुलनाच होऊ शकत नाही. सत्याग्रही आपल्या यातनेने साक्ष देतो. पण साक्ष ऐकणारा कुणी असेल तरच तिला साक्ष म्हणायचे. ज्याचे मरण कुणाला दिसत नाही, ज्याचे नावही नोंदले जात नाही, त्याच्या बलिदानाचा परिणाम कुणावर होणार? हे पत्र गांधीजींपर्यंत पोहोचले असेल तर त्यांनी त्याला उत्तर दिल्याचे आढळत नाही. या वादात मी बूबर यांच्या बाजूचा आहे, आणि गांधीजींच्या देशात उभा राहून हे म्हणण्यात मला अनादर वाटत नाही. ज्यूंनी काय करावे, हे विचारण्याआधी त्यांचे शेजारी काय करीत होते, हे विचारले पाहिजे. १९३८ च्या जर्मनीत बहुतेक शेजारी पडदे ओढून घरात बसले होते.

पण साक्षीदार असतील तर? त्याचेही उदाहरण आहे, आणि गंमत अशी की ते मराठी माणसांचे आहे. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तेथे द्वेष नव्हे, पण अवहेलना वाट्याला आली. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला आणि आम्हांला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काही कुटुंबे खरोखर परत आली. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या आदेशानुसार, बेने इस्राएल वर वा वधूचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे ठरले. ज्यांनी दोन खंडांपलीकडे, हिब्रू विसरूनही, शनिवार पाळला, त्यांना आता तुम्ही पुरते ज्यू आहात काय, असे विचारले जात होते! त्यांनी सभा घेतल्या, पत्रके काढली, जेरुसलेमला धरणे धरले. गांधीजींच्या देशातली ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेचे खास अधिवेशन भरले, बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असे सरकारतर्फे सांगण्यात आले आणि आदेशातील त्या समाजाचा नामनिर्देश गाळला गेला. येथे वृत्तपत्रे होती, संसद होती, ऐकून लाजणारे लोक होते. सत्याग्रह फळला तो या भूमीवर.

आपल्या घरीही सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. हिटलरचे आत्मचरित्र आपल्या पदपथांवर आजही विकले जाते आणि करड्या शिक्षकाला आपण सहज ‘हिटलर’ म्हणतो. यामागे बहुधा द्वेष नसतो, अज्ञान असते. २००६ साली नवी मुंबईतील खारघर येथे हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह उघडले. मुंबईतील ज्यूंनी निषेध केला, मालकाची भेट घेतली, त्या नावाचा अर्थ त्याला समजावला, आणि त्याने नाव बदलले. अज्ञानाला असे उत्तर पुरते. मात्र इस्राएल या राज्याच्या धोरणावर कठोर टीका करणारा प्रत्येकजण ज्यूद्वेष्टा असतो, असेही मी मानीत नाही. त्या राज्याच्या कृत्यांचा जाब पेणच्या किंवा ठाण्याच्या ज्यूला विचारणे, हा मात्र ज्यूद्वेषच होय.

अज्ञानापलीकडचे जे आहे तेही मुंबईने पाहिले. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इतक्या मोठ्या शहरातून कुलाब्याच्या गल्लीतील नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र हेरून निवडले गेले होते. तेथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर आणले ते त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या भारतीय ख्रिस्ती बाईंनी. आणि मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन करण्याची वेळ आली तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या मुसलमान विश्वस्तांनी जागा नाकारली. निरपराध्यांना मारणाऱ्यांना आम्ही आपले मानीत नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले.