सहकार: पुढारी, सरकार आणि सभासद
(ज्युबिलीनिमित्त भांडुप येथील सभेंत केलेलें भाषण)



भांडुपच्या भातशेतांची व मिठागरांची आठवण वडीलधाऱ्या मंडळींस अजून आहे. शेतें गेलीं, चाळी व इमारती आल्या. तथापि शेतकऱ्याच्या सहकाराचा प्रश्न आपणांस परका झाला, असें मात्र नव्हे.

सन १९०४ मध्यें सरकारनें सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा केला. खेड्यांतील पेढींत सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्याद असे. एकाचें कर्ज बुडालें तर झळ सर्वांस. म्हणून शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर नजर ठेवावी, हा हेतु. १९१२ च्या कायद्यानें मालविक्रीच्या व इतर संस्थांसहि वाट मोकळी झाली. परंतु कायदा वाट करून देतो; चालणारा माणूस निर्माण करीत नाहीं.

वसईस तो माणूस लाभला. सावकारी पाशांत सांपडलेल्या शेतकऱ्यांकरितां मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनीं १९१८ सालीं तेथें कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. तिचीच पुढें बँक झाली, आणि संस्थापकामागेंहि ती वाढत राहिली. पुढाऱ्याची खरी कसोटी हीच.

तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव फिरून साखर कारखान्यासाठीं शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० मध्यें कारखाना सुरू झाला. सरकारनेंहि भाग घेतले. परंतु पाया शेतकऱ्याच्या पैशाचा होता.

१९५४ सालीं ग्रामीण पतपाहणी समितीनें, सरकारनें सहकारांत भागीदार व्हावें, अशी शिफारस केली. भांडवल वाढलें, त्याबरोबर सरकारनियुक्त संचालक आले आणि निवडणुकीचें राजकारणहि शिरलें. पुढें सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनें सहकारी संस्था काढणें हा मूलभूत हक्क ठरला. २०२१ मध्यें केंद्रांत सहकाराचें स्वतंत्र मंत्रालय निघालें. हें सर्व उपयोगाचें खरें. परंतु सभासद हिशेब न वाचतां हात वर करील, तर कोणतें मंत्रालय त्याचें रक्षण करणार?

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं पुष्कळजण ज्या गृहनिर्माण संस्थांत राहतात, त्यांस व खेड्यांतील शेतकऱ्याच्या सोसायटीस १९६० चा एकच महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा लागू आहे. तेव्हां येत्या वार्षिक सभेस अवश्य जा. ताळेबंद मागून घ्या, वाचा. न समजल्यास उठून विचारा. पुढारी चांगला निपजावा, तर प्रश्न विचारणारा सभासद आधीं निपजला पाहिजे.