लक्ष्मीबाईंच्या घरच्या गप्पा

काळाचौकीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत चुलीशीं वही उघडून बसणारी एखादी आई हें ऐकत असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचें अहमदनगरचें घर तिला परकें वाटणार नाहीं. तेथें बालकवि ठोंबरे मुलासारखे राहिले. बैठकींत कवितेची चर्चा, आंत पानें किती मांडावीं ही चिंता; आणि रेव्हरंड टिळकांच्या हातीं पैसा टिकेल तर शपथ! शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंची खरी शाळा बहुधा हीच.

१९१८ सालीं बालकवि आगगाडीच्या अपघातांत गेले. १९१९ सालीं टिळकहि. त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें, ६४ अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांनीं पासष्टी ओलांडली होती. वाचणाऱ्यास मात्र ओटीवर बसून त्यांचें बोलणें ऐकल्यासारखें वाटतें.