शाळेची सतरंजी सगळ्यांची

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला शिक्षणावर बोला म्हणून सांगितलं. आम्ही साखर कारखान्यातले कामगार. पॅनवर साखर शिजवणारा माणूस शिक्षणावर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. शाळा आमची लवकर सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते बाबासाहेबांचे ग्रंथ वाचून आणि रात्रपाळीला सोबत्यांशी वाद घालून. पण मागल्या पंधरवड्यात वस्तीत एक बोलणं कानावर आलं आणि विषय आपोआप ठरला. बोलणं असं की, ऊसतोडवाल्यांची आणि पारध्यांची पोरं आपल्या पोरांच्या वर्गात नकोत, त्यांच्यापायी आपली पोरं मागं पडतात, हेडमास्तरांना तसा अर्ज देऊ. सह्या गोळा करायचंही चाललं होतं म्हणे. आम्ही नावं घेणार नाही. परंतु हा अर्ज बौद्ध वस्तीतून जावा, याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही, हे मात्र आम्ही या विहारात उभं राहून स्पष्ट सांगतो.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचं नाव दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. या विद्यार्थ्याला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. शिपाई हजर नसला तर दिवसभर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलं आहे. ज्यांनी हा अर्ज लिहिला त्यांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो आहे.

त्या गोणपाटाविरुद्ध ज्यांनी काम केलं त्यांनी काय केलं ते पाहा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं काढली. अस्पृश्य मुलांसाठीही काढलं. मुलं शिकू लागली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि सगळी पोरं एका शाळेत आणली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह उभं केलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहिली, एका पंगतीला जेवली. वेगळी शाळा म्हणजेच असमान शाळा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला काळ्या-गोऱ्या मुलांच्या बाबतीत १९५४ साली पटलं. कोल्हापूरनं ते पस्तीस वर्षं आधी केलं होतं. आणि आपण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर अर्ज लिहिणार की ही पोरं वेगळी बसवा!

आता ही ऊसतोडवाल्यांची पोरं कोण, ते आम्हाला विचारा. कारण आमची सारी नोकरी त्यांच्या आई-बापांनी तोडून आणलेल्या उसावर चालली. दिवाळीच्या आगंमागं बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागातून कोयते येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेला. तळावर कोप्या पडतात, पहाटे तीनला गाड्या फडात जातात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपी राखणारी आठ-नऊ वर्षांची पोरगी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचं नाव गावच्या शाळेत असतं. आक्टोबरात तिचा अर्धा धडा तिथं सुटतो आणि एप्रिलमध्ये ती परत जाते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यावर सरकारचं धोरण झालं की पोरं जवळच्या नेहमीच्या शाळेतच बसवायची. हंगामी वसतिगृहंही निघाली, की आई-बाप गेले तरी पोरानं गावीच राहावं. तरी तळावर पोरं दिसतातच.

कायद्यानं वयाप्रमाणं वर्ग द्यायचा आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मग पोरगी वर्गात आली, शेवटच्या रांगेत बसली, आणि पाच महिने तिला कुणी काही विचारलंच नाही, तर त्या बसण्याला काय अर्थ? गोणपाट गेलं, शेवटची रांग राहिली. पोरं मागं पडतात ती या मुलीमुळं नाही. मास्तर एक आणि दोन-दोन वर्ग त्याच्या गळ्यात, म्हणून पडतात. अर्ज द्यायचाच असेल तर जादा शिक्षकासाठी द्या, पहिली सही आमची घ्या.

दुसरं, भाषेचं. बंजाऱ्याचं पोर घरात गोरमाटी बोलतं. वडाराची बोली तेलुगूजवळची, कैकाड्याची तमिळजवळची, पारध्याची गुजरातीच्या अंगानं जाणारी. बालभारती मराठीखेरीज उर्दू, कन्नड, गुजराती, तेलुगू, सिंधी अशा माध्यमांची पुस्तकं छापते, पण या बोलींचं पुस्तक या पोरांच्या हाती येत नाही. पोर गप बसलं की ते मठ्ठ ठरतं. आपलंही याहून निराळं नव्हतं. आमच्या घरात 'पानी', 'व्हतं', 'कोरड्यास' असंच बोलणं. आम्ही वर्गात 'पानी' म्हटलं की सगळा वर्ग हसायचा, गुरुजीपण हसायचे. मग पोर तोंड उघडंल कशाला? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांना म्हणाले, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात येतात आणि आपापल्या बोलीत तुमचं वचन बिघडवतात. आम्ही ते छंदात बांधून ठेवतो. तथागतांनी त्यांना झिडकारलं आणि आपापल्या बोलीत धम्म शिकायची मुभा दिली. राज्यघटनेच्या ३५० अ कलमातही भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं अशी तजवीज आहे. एवढं मोठं काही आज लगेच होणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण 'पाण्याला तुमच्यात काय म्हणतात गं?' एवढं विचारायला मास्तरला सरकारी जीआर लागत नाही. फळ्यावर चार बोलींत पाणी लिहिलं, तर तो भाषेचाच तास झाला.

पारध्यांच्या पोरांचं दुखणं आणखी निराळं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं पारधी त्यात गोवले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की अजून पहिलं दप्तर त्याचंच झाडतात. ही झडती आपली पोरंपण घेतात, बरं का. घरात ऐकलेलंच पोर वर्गात बोलतं.

आपल्या काटेवाडीकडं बघा. तुकोबांची पालखी इथून जाते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरबांधव पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात. हे बघायला लांबलांबून माणसं येतात. मग मेंढी कशी राखायची, लोकर कधी कातरायची, हे धनगराच्या पोराला वर्गात का विचारू नये? कोयत्याची धार, बैलाचं दुखणं तळावरच्या पोराला कळतं. मुलाच्या अनुभवातून शाळा शिकली पाहिजे, असं सांगणारे जॉन ड्युई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. आणि आपल्याकडं त्याआधीचं उदाहरण आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजाची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला कुणी फूलपाखरावर निबंध लिहायला लावलं असतं तर आज कुणाला तिचं नाव ठाऊक असतं?

आता इथं एकजण हमखास विचारणार, की मग शाळेत पूजा होतात, आरत्या होतात, त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. पालखीची माहिती सांगणं, ईद कशाची असते, वैशाख पौर्णिमेला काय झालं, नाताळ का करतात, हे सांगणं म्हणजे शिक्षण. हात जोडायला लावणं हे शिक्षण नव्हे. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या कलमात आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेतही पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. आपल्या पोरासाठी हे कलम आपण दाखवतो, दाखवावंच. पण तेच कलम मुसलमानाच्या, पारध्याच्या पोरासाठी दाखवायची वेळ आली तर आपण मागं सरायचं नाही. आपल्यापुरती घटना असं काही नसतं.

आता काम सांगतो. बॉयलर पेटला की कोयते येतील. सीझन सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी तळावर जायचं, शाळेच्या वयाची पोरं किती, कुठल्या गावची, कितवीत होती, वहीत लिहायचं आणि ती यादी सोमवारी हेडमास्तरांच्या हातात द्यायची. दाखल्याचं कारण सांगितलं तर कायद्याची प्रत आमच्या पिशवीत आहे. संध्याकाळी सहा ते आठ विहाराचा हॉल मोकळाच असतो. बारावी झालेल्या आपल्या चार-पाच मुलींनी तिथं वाचन घ्यायचं कबूल केलं आहे. वस्तीतली पोरं आणि तळावरची पोरं एकाच सतरंजीवर बसतील. लहान भावंडं बरोबर आली तर महिला मंडळानं सांभाळायचं बघावं. पोरींना परत तळावर पोचवायला दोन सायकली आणि दोन बाप्ये लागतील. त्यातला एक आम्ही, पाळी पहिली असेल त्या आठवड्यात. दुसरं नाव आजच्या वंदनेनंतर हवं आहे. तो सह्यांचा कागद ज्यांच्याकडं असेल त्यांनीही थांबावं, बसून बोलू.

जयभीम.