दसऱ्यापूर्वीची वही



दसरा झाला की आपल्या पाथर्डी-शेवगावकडे घरांना कुलपे लागतात. उचल घेतलेली जोडपी मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात. पावसाने वारंवार दगा दिला, हे त्याचे एक मोठे कारण.

धरणात गाव गेलेल्यांना ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात. त्यांच्यासाठी राज्य सरकारने 1976 सालीच पुनर्वसनाचा कायदा केला. दुष्काळाने हुसकावलेल्यांना मात्र असे नाव नाही. 1972 च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांनी गावाजवळच काम दिले. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. म्हणजे मनात आणले तर सरकारला करता येते. पण ज्याची नोंद नाही, त्याच्यापर्यंत योजना पोचायची कशी?

माझ्या शेजारची आठवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून आईबरोबर फडावर गेली, ती शाळेत परतलीच नाही. मी नुसती पाहत राहिले, याची बोच आहे.

म्हणून यंदा दसऱ्यापूर्वी मंडळाने एक वही घालावी. कोणते घर जाणार, मुले किती, मागे म्हातारे कोण, हे लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत द्यावे. हळदीकुंकवाला आपण एकही घर विसरत नाही. मग इथे का विसरावे?